मुक्या रजतचा निवाडा

मालिका शनिवारी संपणार असल्याचे कळले, तेव्हा आमच्या तांड्यात सर्वांत अधिक दुःख मला झाले. आणि ते दुःख कोणाला सांगण्याजोगे नव्हते.

ढाणकीच्या बाजारातून आमच्याकडे यायचे तर तुरीच्या शेतांमधून येणारी एकच वाट आहे. तिच्या शेवटी तांड्याचे प्रमुख, नायक बाबूसिंग राठोड यांचे अंगण. तांड्यात भांडण झाले की याच अंगणात नसाब बसतो, दोन्ही पक्ष आपापले सांगतात आणि नायक निवाडा देतात. अलीकडे भांडणे कमी झाली. मात्र निवाडा देण्याची नायकांची हौस कमी झाली नाही, त्यामुळे ती दूरचित्रवाणीकडे वळली. रोज संध्याकाळी साडेसातला खिडकीत टीव्ही मांडला जाई, वेचणी करून आलेल्या बायका केसांत कापसाचे तंतू तसेच ठेवून बसत, आणि भाग संपताच नायक बाजेवर ताठ होऊन विचारीत, "बोला, कोनाचं चुकलं?"

मालिकेतला खटला एका सुनेचा होता. अर्पिता नावाच्या त्या मुलीवर सासूने बांगड्या चोरल्याचा आळ घेतला, तेव्हा तिचा नवरा रजत खिडकीबाहेर पाहत उभा राहिला. त्याला खिडकीबाहेर पाहण्याची फार सवय होती. अर्पिता माहेरी गेली. सासूला नायकांनी त्याच संध्याकाळी दोषी ठरवले आणि साऱ्या तांड्याला गोडाचे जेवण देण्याची शिक्षा फर्मावली. ती शिक्षा तिच्यापर्यंत पोहोचवायची कशी, असे देवीलालने विचारले. देवीलाल हा नायकांचा चुलतभाऊ; प्रत्येक निवाड्याला हरकत घेणे हे तो आपले कर्तव्य मानतो. रजतचा निवाडा नायकांनी शेवटी ठेवला. मग म्हणाले, "सासूचा गुन्हा तोंडाचा हाय, याचा मुकेपनाचा. मुकेपनाचा मोठा."

हे सारे मी रोज उज्ज्वलाला लिहून कळवत असे.

उज्ज्वला राळेगावकडची. यवतमाळला बी.एड.ला आम्ही एका वर्गात होतो. त्या काळात मी तिच्याशी बोललोच नाही, असे म्हणता येणार नाही. एकदा तिने खडू मागितला, तेव्हा मी 'घ्या' म्हणालो होतो. शिक्षण संपल्यावर वर्गाच्या व्हॉट्सअॅप समूहावर एके दिवशी तिचा प्रश्न आला: आमच्याकडे लाइट गेली, आजच्या भागात काय झालं? मी तिला एकटीला उत्तर पाठवले आणि धीर यावा म्हणून सोबत नायकांचा निवाडाही जोडला. तिने हसणाऱ्या चेहऱ्यांची एक रांगच पाठवली. तेव्हापासून रोज भाग संपला की माझा वृत्तान्त जाई आणि तिचे हसू येई. नायक काय म्हणाले, नायकण रामीबाई कोठे रडल्या, देवीलालने कोणती हरकत घेतली, हे सगळे त्यात असे. मी मात्र नसे. दिव्याच्या प्रकाशात इतरांचे चेहरे दाखवावेत आणि दिवा धरणारा अंधारात राहावा, तसे ते चालले होते. आणि मला तो अंधार सोयीचा होता. आता दिवाच विझणार होता. मालिका संपल्यावर एखाद्या मुलीला रोज काय लिहायचे, हे मला कोणी शिकवले नव्हते.

शनिवारी अंगण भरून गेले. शेवटच्या भागात रजत मोटारीने अर्पिताच्या माहेरी आला. दारात उभा राहून तो प्रथमच कोणाच्या तरी डोळ्यांत पाहत होता. अर्पिताने आईच्या गळ्यात हात टाकले. पाठीमागे एक व्हायोलिन वाजू लागले, आणि मायलेकींनी रुमालाच्या कोपऱ्याने डोळे टिपले.

रामीबाईंना ते सहन झाले नाही. आमच्याकडे सासरी निघालेली मुलगी मुक्याने निघत नाही. ती आईच्या गळ्यात पडून ढावलो गाते: रडत रडत, सुरात, माहेरच्या एकेका वस्तूचा निरोप घेत, आणि सोबत साऱ्या बायका सूर धरतात.

"अशी मुकी कशी निघाली पोरगी," असे म्हणून रामीबाईंनी पदर डोक्यावर ओढला आणि अर्पिताच्या वतीने ढावलो सुरू केला. दुसरीने सूर दिला, मग तिसरीने, आणि पाहता पाहता अंगणातल्या सगळ्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. तो आवाज असा भरून आला की माझेही डोळे ओले झाले. पडद्यावर रजतचे ओठ हलत होते. मग अर्पिताचे हलले. तेवढ्यात कलाकारांची नावे वर सरकली आणि साबणाची जाहिरात लागली.

ढावलो थांबला. नायक बाजेवर ताठ झाले. "बोला. काय म्हनली ते?"

कोणालाही ठाऊक नव्हते. नायकांचा चेहरा उतरला. दोन्ही पक्षांचे ऐकल्याखेरीज त्यांनी आयुष्यात निवाडा दिलेला नाही, आणि एवढा मोठा नसाब अर्धवट सोडणे त्यांना शक्य नव्हते. तेव्हा देवीलालने माझ्याकडे बोट केले. हा पोरगा रोज भाग संपला की कोणाला तरी लिहीत बसतो, ज्याला लिहितो त्याने पाहिलेच असेल, असे त्याचे म्हणणे पडले.

माझ्या वर्गातले एक जण आहे, लगेच लिहून विचारतो, असे मी पुटपुटलो आणि फोन काढला.

"लिहून नाई," नायक म्हणाले. "नसाबात साक्ष तोंडानं होते. फोन लाव. सगळ्याईले ऐकू आलं पाह्यजे."

मी फोन लावला. आमच्या ओळखीतला तो पहिला फोन होता, आणि तो ऐकायला सारा तांडा बसला होता.

"हॅलो, लखन?" असा मुलीचा स्वर अंगणभर पसरला, तशा बायकांच्या माना एकदम वर झाल्या. रामीबाईंनी ओले डोळे पुसले आणि माझ्याकडे नव्याने पाहिले. मी अडखळत प्रसंग सांगितला. उज्ज्वला हसली नाही. साक्षीदाराला शोभेल अशा गांभीर्याने तिने हकीकत दिली. रजतने पुष्कळ वेळ माफी मागितली. अर्पिताने ती सगळी ऐकून घेतली आणि ती एवढेच म्हणाली: चहा घेऊन जा.

"म्हंजे ते सासरी गेलीच नाई?" रामीबाईंनी विचारले. "मंग मी कोनासाठी रडली?"

"तुमचा ढावलो मले ऐकू आला असता तं मीबी रडली असती, काकी," उज्ज्वला म्हणाली.

त्या 'काकी'ने अंगण जिंकले. चहा म्हणजे होकार की नकार, यावर वाद पेटला. पाहुणा वैरी असला तरी चहा द्यावाच लागतो, असे देवीलालचे मत पडले. नायकांनी हात वर केला. "ज्याले हाकलाचं हाय त्याले कोनी चुलीजवळ बसू देत नाई. हे दोघं नांदतीन. पन पोट्ट्यानं आता तोंड उघडं ठेवलं पाह्यजे. झाला निवाडा." मग त्यांनी फोनकडे वाकून विचारले, "बाई, तुमी कोनत्या गोताच्या?"

"पवार," उत्तर आले. "आन् तुमी?"

"आमी राठोड," नायक म्हणाले, आणि बैलजोडीला दुसरा बैल जुळतो की नाही हे बाजारात न्याहाळावे, तसे त्यांनी मला शिंगांपासून खुरांपर्यंत न्याहाळले. "गोत येगळं हाय, बसते," ते रामीबाईंना म्हणाले. बायका हसल्या. मी भुईकडे पाहत राहिलो. भुईने मात्र मला पोटात घेतले नाही.

हळूहळू अंगण रिकामे झाले. फोन माझ्या तळहातावर अजून जिवंत होता. मी तो कानाला लावला आणि तुरीच्या शेताच्या बांधापर्यंत, धुऱ्यापर्यंत, चालत गेलो. सांगण्यासारखा भाग उरला नव्हता, निवाडाही तिने स्वतः ऐकला होता.

"मले शेवट आवडला नाई," मी म्हणालो.

"काहून?"

"संपली म्हनून."

"मले वाटलं, तुले ते मालिका लय आवडते."

"मालिका तं मले कधीच आवडली नाई, उज्ज्वला."

ती घाईने म्हणाली, "थांब, गॅसवर दूध हाय, उतू जाऊन राह्यलं. ठेवू नको."

मी ठेवला नाही. तिकडे एक झाकण पडले, कोणीतरी तिला हाक मारली आणि तिने 'आली' असे उत्तर दिले. ती भांडी हलवीत होती. राळेगावचे एक अनोळखी स्वयंपाकघर माझ्या कानाशी वाजत होते, आणि तुरीच्या धुऱ्यावर उभा राहून मी ते मन लावून ऐकत होतो.