बोटाला लागलेलं

मी एक जुना, तडा गेलेला आणि डूख धरून बसलेला प्रोब आहे. मित्रांनो, सोनोग्राफी करताना डॉक्टर अंगावरून जो ठोकळा फिरवतात ना, तोच मी. तुम्हाला ऐकू न येणारा आवाज मी शरीरात सोडतो. तो आत आपटून परतला की पडद्यावर करडं चित्र उमटतं.

वाराणसीत डॉक्टर रस्तोगींच्या दवाखान्यात मला मोठा मान होता. एकदा बालाजी घाटाजवळच्या अन्नपूर्णाबाई स्वतःला दाखवायला आल्या, सोबत मुलगी विद्युल्लता. आपल्या छातीत बोटाला काहीतरी कडक लागतं, भिजवलेल्या चण्यांत एखादा न भिजलेला गणंग राहावा तसं, असं त्या सांगत होत्या. डॉक्टरांनी तिथे बोटसुद्धा लावलं नाही. पडद्यावर तर करड्यात करडं मिसळलेलं.

"फोटो साफ है, माताजी. कुछ नहीं है."

"डॉक्टर म्हणाले ना, कुछ नहीं है. आता कशाला चिंता?" बाई लेकीला म्हणाल्या.

ती कर्करोगाची गाठ होती. वर्षाच्या आत बाई गेल्या. विद्युल्लता जाब विचारायला आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मशीन पुरानी थी." चोर सोडून संन्याशाला फाशी! मी भंगारात गेलो. तिथून तिनेच मला शोधून काढलं.

"आता आपण दोघं मिळून बदला घेऊ," ती मला म्हणाली.

ती विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायची. आईच्या बोटाला जे कळलं, ते चित्राला शिकवायचं तिने मनावर घेतलं. मऊ मांस दाबलं की दबतं, कर्करोगाची गाठ सहसा तितकी दबत नाही. ती मला अंगावर हलकेच दाबायची आणि दाबण्याआधीचे-नंतरचे परतलेले आवाज ताडून पाहायची. जे दबत नसे ते पडद्यावर काळं उठे. वर्षं गेली, पण तिचा राग निवला नाही आणि माझाही.

ही तपासणी रुग्णालयात आणायची की नाही, हे ठरवायला बैठक भरली. अध्यक्ष कोण, तर आता तिथले मोठे डॉक्टर झालेले रस्तोगीच.

"फालतू खर्चा है," ते म्हणाले.

विद्युल्लतेने आईच्या खरवसाच्या वाटीत लावलेली, मांसासारखी मऊ जेली पुढे ठेवली. आत त्याच जेलीचा घट्ट गोळा लपवलेला होता. तिने मला रस्तोगींच्या हातात दिलं. त्यांनी नेहमीसारखं चित्र पाहिलं.

"साफ है. कुछ नहीं है."

"अब उँगली से देखिए."

त्यांनी दाबलं. बोट एका जागी अडलं. तीच जागा तिने नव्या रीतीने पडद्यावर दाखवली, काळीकुट्ट.

"मेरी माँ ने भी यही बताया था," ती म्हणाली.

सगळ्यांदेखत त्यांची मान खाली गेली. मला कणव आली नाही, खोटं कशाला बोलू?

तपासणी सुरू झाली. विद्युल्लतेची अट एकच होती, प्रत्येक बाईला पहिला प्रश्न रस्तोगींनी स्वतः विचारायचा.

मी आता तिथल्याच कपाटात धूळ खात पडलोय. मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल, पण घरातली बाई काही लागतं म्हणाली तर तिला 'काही नसेल' म्हणून गप्प करू नका.

बाहेरून रस्तोगींचा आवाज येतो, "माताजी, हाथ से छूने पर क्या लगता है?" रोज ऐकतो, आणि रोज तितकाच गोड लागतो.