डावी बाजू मंद

परत आलेला अकरावा हेडफोन त्याने दोन बोटांच्या चिमटीत धरून खोक्यातून बाहेर काढला आणि तोंड वाकडं केलं. गादीच्या शिवणीत घाम वाळून पांढरी रेघ उमटली होती, कडेला दोन केस चिकटले होते आणि आतल्या जाळीवर कानातल्या मळाचा पिवळा ठिपका होता. चार दिवस वापरायचा, डोक्याचं तेल त्यात मुरवायचं आणि मग आवाज आवडला नाही म्हणून आणून आदळायचा.

"हाही तसाच?"

"तसाच," कॅशियरबाई पावती वाचत म्हणाल्या. "डावी बाजू बोंबलते म्हणे. डोकं उठतं."

"लोकांना कान राहिलेच नाहीत. नुसती भोकं आहेत."

स्पिरिटच्या बोळ्याने तो जाळी पुसू लागला. दुकानात सगळे त्याला कानसेन म्हणत. थट्टेनेच, पण त्याला ते आवडायचं. सव्वीस वर्षं तो एकच काम करत आला होता. नवा हेडफोन आला की तो डोक्याला लावून तासभर रस्त्यावर चालून यायचा, कारण विकत घेणारा तो चालता-फिरताच ऐकणार. मग परत येऊन कार्ड लिहायचा. आवाजाला दहापैकी गुण, आरामाला दहापैकी गुण, आणि खाली एक ओळ. 'ढोल झकास, गाणारा गायब.' 'वीस मिनिटांत कानाच्या पाळ्या शेकून निघतात.' गिऱ्हाईक किमतीच्या आधी कार्ड वाचायचं. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

गेली दोन वर्षं मात्र सगळंच त्याच्या डोक्यात जात होतं. माल भिकार यायला लागला होता. माणसं तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. घरी बायकोसुद्धा शेजारी बसून चहा पिताना काहीतरी बोलायची, आणि त्याने नुसतं बघितलं की "जाऊ दे" म्हणून कप उचलायची. 'परत सांग' हे शब्द त्याच्या तोंडी नव्हते. ज्याला बोलायचंय त्याने नीट बोलावं.

हे अकरा हेडफोन ज्या बाईने बनवले होते, तिचं नाव त्याने कारखानदारीण ठेवलं होतं. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड, आणि कामगार म्हणजे ती आणि तिचा भाऊ. पहिला नमुना घेऊन आली तेव्हा त्याने आवाजाला तीन गुण दिले आणि लिहिलं, 'डावी बाजू मंद.' तिने घरी जाऊन डावा स्पीकर बदलून जास्त जोराचा बसवला. दुसऱ्या खेपेला चार. 'डावी अजून झोपेतच.' तिसऱ्या खेपेला त्याने नऊ दिले. त्या नऊ गुणांच्या भरवशावर मालकांनी चाळीस नग घेतले, आणि भावाने नोकरी सोडली.

आज ती सगळा माल परत न्यायला आली होती. मालकांनी फोनवर सांगितलं होतं, पुन्हा आणू नका म्हणून.

"काका," ती काउंटरपाशी उभी राहून म्हणाली, "तुम्हीच नऊ दिलेत ना?"

"दिले. आणि कार्ड उतरवणार नाही. लोक खोटं बोलतात."

"अकरा जण? एकच खोटं?"

ती आवाज चढवून बोलली नव्हती, तरी ते त्याला झोंबलं. "थांब, दाखवतोच तुला," म्हणून त्याने नुकताच पुसलेला हेडफोन डोक्याला लावला. दोन्ही बाजू अगदी सारख्या. मग तो उलटा घातला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्याने शिकवलेला हा पहिला धडा होता. उलटा घातल्यावर मंद बाजू दुसऱ्या कानात गेली तर दोष हेडफोनात, त्याच कानात राहिली तर दोष कानात. स्वतः मात्र त्याने ते कित्येक वर्षांत केलं नव्हतं. गरजच काय, असं त्याला वाटायचं.

उजव्या कानात कोणीतरी किंचाळल्यासारखा आवाज फुटला. डाव्यात जवळजवळ काहीच नव्हतं.

त्याने तो काढला. शेल्फवरचा सगळ्यात महागडा घेतला, सरळ घातला, उलटा घातला. डावा कान मंद. दुसरा घेतला. डावा मंद. कॅशियरबाई बघत होत्या. पाचव्यानंतर तो थांबला आणि शेल्फवरची त्याची कार्डं वाचू लागला. 'डावी मागे पडते.' 'डावी मेलेली.' 'डाव्या बाजूचं काय घोडं मारलंय?' मघाच्या मळापेक्षा त्याला स्वतःच्या त्या वळणदार अक्षराची जास्त किळस आली.

"कान माझा गेलाय," तो म्हणाला. "डावा. तुझा पहिला नमुना बरोबर होता."

तिने पिशवीतून एक जुना हेडफोन काढला. "हा बघा. पहिल्या नमुन्यासारखाच, डावी न बदललेला. मीच वापरते रोज. मला चांगला वाटायचा. पण म्हटलं, तुम्हाला जास्त कळतं."

त्याने तो घातला, मान हलवून पाहिली, गाद्या दाबल्या. कोऱ्या कार्डावर आरामाचे आठ गुण लिहिले आणि पेन कॅशियरबाईंपुढे धरलं.

"आवाजाचे तुम्ही द्या."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"दोन्ही कानांनी ऐकू येतं ना? पुरे."

बाईंनी ऐकलं, उलटा घालून ऐकलं आणि भीत भीत सात लिहिले. त्याने कार्ड शेल्फवर लावलं. आपली सगळी जुनी कार्डं काढून खिशात कोंबली.

"मालकांना मी सांगतो," तो तिला म्हणाला. "डाव्या बाजू पहिल्यासारख्या करून आण. पुन्हा घ्यायला लावतो. चूक दुकानाची आहे. माझी आहे."

ती खोक्यात एकेक नग भरू लागली. ते घाणेरडे अकरासुद्धा तिने नाक न मुरडता उचलले. तो उगाच बोळा हातात घेऊन उभा राहिला. तेवढ्यात ती त्याच्या डाव्या अंगाला येऊन काहीतरी बोलली. त्याला फक्त ओठ दिसले. शिव्याच असतील, त्याला वाटलं, आणि असल्या तर त्या ऐकायलाच हव्यात.

तो पूर्ण वळला आणि उजवा कान पुढे केला.

"परत सांग," तो म्हणाला. "या बाजूने."

"म्हटलं, खोकं जड झालंय. जरा हात लावता का?"

त्याने बोळा ठेवला आणि एक बाजू धरली.