सव्वा कोसाचा संसार

मी एक ओढा बोलतोय. नदी म्हणवून घ्यायची माझी ऐपत नाही, आणि गटार म्हटलेलं मला खपत नाही. टेकडीवरच्या काळ्या कातळाच्या फटीतून मी निघतो, तीन वळणं घेतो आणि सव्वा कोसावर नदीला मिळतो.

पहिल्या वळणावर पूर्वी पाणचक्की होती. भुवयांपर्यंत पिठाने माखलेली चक्कीवाली उन्हाळ्यात माझ्यावर डाफरायची, "काय रे, अंगात आळस भरलाय का?" पावसाळ्यात मी पायरी चढलो की तीच म्हणायची, "पुरे बाबा, कळली तुझी ताकद!" वीज आली आणि चक्की थांबली.

मग दुसऱ्या वळणावर सूत रंगवायचा कारखाना उभा राहिला. तिथला रंगारी मनाने वाईट नव्हता. पण उरलेला रंग माझ्यातच ओतायचा. सोमवारी मी निळा, गुरुवारी तांबडा. लोक पुलावरून बघून हसायचे. हळूहळू जो तो आपला केर माझ्यात टाकू लागला. पुढे कारखाना बंद पडला, रंग धुऊन गेला, नाव मात्र गटारच राहिलं.

एका सकाळी नगरपालिकेची मोजणीवाली बाई आली. मला पाइपात कोंबून वरून रस्ता न्यायचं घाटत होतं. तिच्या कागदावर लिहिलं होतं, 'सांडपाण्याचा नाला. उगम नाही.' तिने ते मोठ्याने वाचलं, तसा म्हातारा झालेला रंगारी काठी टेकत पुढे आला.

"उगम आहे, ताई. चला, दाखवतो."

"काका, चढ झेपेल तुम्हाला?"

"याला बदनाम मीच केलंय. एवढं तरी चालायलाच हवं."

दोघं माझ्या काठाकाठाने निघाली. रंगारी चार ठिकाणी बसला. एकदा पाय घसरला, तेव्हा बाईने दंड धरून सावरलं. मला धाकधूक, हा पोचतो की नाही! कातळाशी त्याने ओंजळ भरली आणि आधी स्वतः प्यायला. मग ती प्यायली.

"गोड आहे हो!" ती म्हणाली. तिथेच दगडावर बसून तिने 'उगम नाही' खोडलं आणि लिहिलं, 'जिवंत झरा.' जिवंत झऱ्याचा ओढा बुजवायला नियमाची परवानगी नव्हती. रस्ता बाजूने गेला.

आता काठावर बाक आहे. रंगारी रोज येतो. परवा चक्क पाण्यात पाय सोडून बसला. सून ओरडली, "मामंजी, सर्दी होईल!"

"होऊ दे गं. चाळीस वर्षं याच्या काठावर काम केलं, पण पाय कधी बुडवला नाही. रंग लागेल म्हणून!"

मी त्याच्या टाचा धुतल्या आणि खळखळत पुढे निघालो.

तुम्हीही या कधीतरी. येताना काही आणू मात्र नका. रिकाम्या हातांनी आलेला पाहुणा मला फार आवडतो.