बजाबाईचा भंडारा

येडूला गर्व होता, आणि का नसावा? रविवारी सकाळी सोलापुरात सात रस्त्यामागच्या मैदानात ढोल घुमायचा तो त्याच्याच मंडळाचा. नाचायला आठ गडी, ढोलाला नववा. डोईला फेटा, दोन्ही हातांत रंगीत रुमाल आणि ढोलाभोवती गजीचा फेर. धनगरांचा हा नाच येडूनं सांगोल्याकडच्या आपल्या वाडीतून आणलेला. बहात्तरच्या दुष्काळानं वाडीतली मेंढरं गेली, माणसं पोटामागं पांगली आणि नाच तिथं विसरला तो विसरलाच. सोलापुरात मात्र बाराच्या बारा चाली जित्या होत्या. येडू असा खडूस, की एक पाऊल चुकलं तरी गड्याला फेरातून बाहेर काढून उन्हात उभा करायचा.

आता आडून कशाला बोला. मंडळातल्या कुणाचंच मन बाईत रमणारं नव्हतं. पुरुषावर जीव जडलेली ही माणसं नाचाच्या निमित्तानं एकमेकांना सापडली होती. येडूचा जीव होता रेवणसिद्धावर. हा उंचापुरा लिंगायत गडी अक्कलकोटकडचा, गिरणीत मागावर, रागावला की कानडीत शिरणारा. नऊ वर्षं दोघं एका खोलीत राहत होते, एका चुलीवर रांधत होते. शेजारपाजार काय ते समजून होता. दिवाळीचा फराळसुद्धा दोघांत एकच ताट यायचा.

त्या साली चैत्रात वाडीचे कारभारी आबासाहेब खोलीवर आले. चौदा वर्षांमागं येडूनं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा याच आबासाहेबांनी त्याला वाडीत तोंड दाखवू नकोस म्हणून बजावलं होतं. आता गरज त्यांची होती. दोन वर्षं बिरोबाची पालखी भाड्याच्या बँडवर निघाली, सिनेमाची गाणी वाजली आणि म्हातारी माणसं यात्रेत जेवायची थांबली. येडूनं त्यांना दोनदा चहा पाजला आणि मुद्दाम ताटकळत ठेवलं. मग हो म्हणाला.

अडचण होती बाराव्या चालीची. हा शेवटचा फेर एकाच जोडीचा, एका घरचा मुलगा आणि त्याचा दाजी. त्याआधी त्याच घरातल्या बाईनं दोघांवर हळदीचा भंडारा उधळून कोण कोणाचं ते मोठ्यानं सांगायचं, त्याशिवाय पालखी हलत नाही. आता ही चाल अख्ख्या मुलखात दोघांनाच येत होती, येडूला आणि रेवणसिद्धाला. आपल्या देवापुढं, आपल्या माणसांत, रेवणसिद्धाबरोबर हा फेर धरायचा, एवढं एकच येडूला हवं होतं. आबासाहेब म्हणाले, ते तिथं गेल्यावर बघू.

आणि तिथं होती त्याची आई, बजाबाई. चौदा वर्षांत एक शब्द बोलली नव्हती. फक्त वाडीतलं कुणी सोलापूरला निघालं की त्याच्याबरोबर कडक भाकरीचं गाठोडं धाडायची. एकट्याला महिनाभर सरणार नाहीत इतक्या भाकरी. आईला आपली भूक आठवत नाही, असं येडूला वाटायचं.

यात्रेत अकरा चाली अशा रंगल्या की विचारू नका. म्हातारे काठ्या टाकून ठेका धरू लागले. मग ढोल थांबला. दाजी नाही तर भाऊबंद चालतो म्हणत आबासाहेबांनी येडूचा चुलतभाऊ बिरप्पा याला पुढं ढकललं आणि त्याच्या हातात रुमाल दिले. बिचाऱ्याला आधी कुठला पाय उचलायचा तेही ठाऊक नव्हतं.

येडूनं ते रुमाल काढून घेतले आणि रेवणसिद्धाच्या हातात दिले. नाचीन तर याच्याबरोबर, नाहीतर ढोल बांधून निघतो, असं त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं.

"ह्यो तुजा कोण?" आबासाहेब म्हणाले. "ह्याच्यावर भंडारा कोण टाकनार?"

येडूचा सगळा तोरा उतरला. आपण रेवणसिद्धाला इथवर आणून चारचौघांत उघडं पाडलं, असं वाटून त्याला स्वतःचीच चीड आली.

तेवढ्यात बायकांतून बजाबाई उठली. पुजाऱ्याच्या ताटातली हळद तिनं मूठभर घेतली आणि येडूवर टाकली.

"ह्यो माजा ल्योक."

दुसरी मूठ घेऊन ती रेवणसिद्धापुढं गेली. हात पोचेना, तसा तो वाकला.

"आन ह्यो माजा जावई."

बजाबाईला येडूशिवाय दुसरं मूल नाही, हे वाडीतल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. आबासाहेबांनी तोंड उघडलं, पण ती आधी बोलली.

"नऊ वर्सं दोगांच्या भाकरी बांदतिया मी. उचला पालकी."

भोयांनी आबासाहेबांकडं बघितलं, बजाबाईकडं बघितलं आणि खांदा दिला. ढोल घुमला. रेवणसिद्धाचे डोळे भरून आले होते. डाव्या पायाऐवजी त्यानं उजवा उचलला. नऊ वर्षांत पहिल्यांदा चुकला. येडूनं ते पाहिलं आणि आपलाही उजवाच उचलला. फेर शेवटपर्यंत उलटाच झाला, आणि हे त्या दोघांशिवाय कुणाला कळलं नाही.