परत दिलेली सोडचिठ्ठी

मी सोडचिठ्ठ्या लिहितो, एकतीस वर्षं झाली. तेल अवीवच्या उत्तरेला समुद्रकाठी आमचं गाव आहे. तिथल्या धर्मन्यायालयात दुसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी माझं टेबल. लोक मला रब सासी म्हणतात, रब म्हणजे गुरुजी. एका चिठ्ठीच्या बारा ओळी, हंसाचं पीस आणि घरी उकळलेली शाई. माझ्याकडे हसत कोणी येत नाही, आणि मलाही त्याचं काही वाटत नाही.

फोर्तुना दबूश सहा वर्षं आमचे जिने चढत होती. वय एकावन्न, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, माहेर-सासर दोन्ही लिबियातल्या त्रिपोलीकडचं, म्हणजे आमच्यातलीच. नवरा खलाफो बसडेपोत मेकॅनिक. मारझोड नाही, दारू नाही, बाहेरची बाई नाही. दोघं नऊ वर्षं वेगळी राहत होती, एवढंच. पण आम्हा ज्यूंमध्ये सोडचिठ्ठी नवऱ्याने स्वतःच्या मर्जीने द्यावी लागते. न्यायालय त्याला समजावू शकतं, झापू शकतं, पण त्याच्या वतीने देऊ शकत नाही. ती मिळेपर्यंत बाई त्याचीच बायको. फोर्तुनाला रहमिन नावाच्या विधुराशी लग्न करायचं होतं. त्याचा भाजीचा गाळा होता आणि तो चार वर्षं थांबला होता. शुक्रवारी संध्याकाळी ती दोघं एका टेबलावर जेवली, तरी रविवारपर्यंत गल्लीभर चर्चा व्हायची.

खलाफो प्रत्येक तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून यायचा आणि तेच सांगायचा, की तिने घरी यावं, दार उघडंच आहे. मुख्य न्यायाधीश रब मिमून मान डोलवायचे आणि पुढची तारीख द्यायचे. मला तर त्या शर्टाचाही राग यायचा.

मग एका मंगळवारी तो म्हणाला, देतो. का, ते कोणी विचारलं नाही. असल्या वेळी विचारूच नये.

मी लगेच कामाला लागलो. कागद, पीस आणि शाई मी त्याला भेट दिली. त्याने ती उचलून आपली केली, मग मलाच परत देऊन म्हणाला, माझ्या बायकोसाठी लिहा. चिठ्ठी नवऱ्याच्याच सामानाने लिहिलेली लागते. दीड तास मी मान वर केली नाही. साक्षीदारांनी सह्या केल्या, रब मिमून यांनी दोनदा वाचून घडी घातली. फोर्तुनाने अंगठ्या काढून पर्समध्ये टाकल्या आणि ओंजळ पुढे केली.

आता फक्त एक गोष्ट उरली होती. नवऱ्याने चिठ्ठी ओंजळीत सोडायची, ती पडली की बायकोने मूठ मिटायची. त्याआधी तिने बोटसुद्धा हलवायचं नाही. चिठ्ठी दिलेली हवी, घेतलेली चालत नाही. रब मिमून यांनी हे तिला तीनदा सांगितलं, आणि तिने तीनदा हो म्हटलं.

खलाफोने ठरलेले शब्द म्हटले आणि हात खाली आणला. चिठ्ठी तिच्या तळव्याला लागली आणि तिथेच राहिली. साक्षीदार समोर होते, त्यांना त्याच्या हाताची फक्त मागची बाजू दिसत होती. मी बाजूला होतो. मला त्याचा अंगठा दिसत होता, आणि तो चिठ्ठी सोडत नव्हता. फोर्तुना थांबली. सहा वर्षं थांबली होती, आणखी थोडी थांबली. मग तिची बोटं मिटली आणि चिठ्ठी तिच्याकडे आली.

रब मिमून म्हणाले, झालं. फोर्तुना हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं, पुढचा एक दात अर्धा तुटलेला आहे हेही तेव्हाच कळलं.

मला कोणी काही विचारलं नव्हतं. लेखनिकाला कोणी विचारत नाही.

"त्याने सोडली नव्हती," मी म्हणालो. "तिने ओढून घेतली."

साक्षीदार एकमेकांकडे बघायला लागले. रब मिमून यांनी खलाफोला विचारलं, तर त्याने कबूल केलं, हो, अंगठा होता माझा. मग ते फोर्तुनाकडे वळले. चिठ्ठी नवऱ्याच्या हातात परत द्यायची, तो पुन्हा सोडेल, मिनिटाचं काम आहे, असं त्यांनी तिला अगदी मऊ आवाजात सांगितलं.

"नाही देणार," ती म्हणाली. "माझ्या हातात आलीय."

"बाई, तुमच्या हातात नुसता कागद आहे. अजून तुम्ही त्याचीच बायको."

तिने आमच्या सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. मग खलाफोसमोर गेली, त्याच्या तोंडाकडे बघत मूठ उघडली आणि चिठ्ठी त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती घेतली, जरा वेळ धरली आणि शर्टाच्या खिशात घातली.

"आज नको," तो म्हणाला आणि जिना उतरला.

चिठ्ठीवर तारीख असते. सूर्य मावळला की ती रद्दी. म्हणून मी वयाला न शोभेल असा त्याच्यामागे पळालो. तो समोरच्या टपरीवर कॉफी घेऊन बसला होता. मी त्याला नाही नाही ते बोललो, देवाची भीती घातली, आईची शपथ घातली.

"सहा वर्षं ती खिडकीकडे बघायची, रब सासी," तो म्हणाला. "मी अंगठा धरून ठेवला, म्हटलं आता तरी माझ्याकडे बघेल. तर तेव्हाही कागदाकडेच बघत होती. परत द्यायला आली तेव्हा बघितलं."

"मग बघितलं ना? आता दे."

"आता कशी देऊ?"

त्याच्या खिशातून कागदाचं टोक दिसत होतं. हात घालून काढून घ्यावा असं मनापासून वाटलं. पण मी तो तिच्या हातात नेऊन ठेवला असता, तरी तिचं काय भलं होणार होतं?

न्यायाधीश सातपर्यंत थांबले. मी टेबल आवरलं तेव्हा फोर्तुना बाकावरच होती. मावळला का, तिने विचारलं. मी हो म्हटलं. मग न विचारता खुलासा करत बसलो. चिठ्ठीत खोट राहिली असती तर तुझं दुसरं लग्न व्यभिचार ठरलं असतं, त्या लग्नाच्या मुलांशी पिढ्यान्‌पिढ्या आपल्यातल्या कोणी सोयरीक केली नसती, म्हणून बोललो.

"कुठली मुलं, रब सासी?" ती अंगठ्या घालत म्हणाली. "मी एकावन्न वर्षांची आहे."

मी आवरलेलं टेबल पुन्हा आवरायला लागलो.

"धरून त्याने ठेवली," ती म्हणाली, "आणि तुम्ही मूठ उघडायला लावलीत ती माझी."

शरदातल्या सणांनंतरच्या तारखेला खलाफो आला नाही, आणि त्यानंतरच्याही नाही. वसंतात रहमिनने दुसरीशी लग्न केलं. त्याला काय बोलणार, किती थांबायचं माणसाने. फोर्तुना अजून प्रत्येक तारखेला येते. मला स्वतःची लाज वाटते, ती काही जात नाही. तो क्षण पुन्हा आला तर मी गप्प बसेन का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. नाही बसणार. तिलाही ते ठाऊक आहे, आणि तरी आत आल्यावर न्यायाधीशांच्या आधी ती मला शालोम म्हणते.