जुन्या फोटोंतला ठिपका

दगडाची बातमी घरात आणली ती एयालने, आणि तीही गंमत म्हणून. चहाचा कप एका हातात, मोबाईल दुसऱ्या हातात. मोबाईल त्याने बायकोपुढे, तालीपुढे धरला.

"घे, तुझ्या विषयातलं आहे. लघुग्रह सापडलाय एक. बत्तीस सालच्या डिसेंबरात पृथ्वीवर आदळण्याची शक्यता एक टक्क्याच्या वर. आणि तो पडू शकतो त्या पट्ट्यात कोण कोण आहे बघ."

पट्टा आफ्रिका ओलांडून अरबी समुद्रावरून येत होता आणि मुंबईच्या अंगावरून पुढे सरकत होता. नकाशात त्यांच्या पनवेलचं नाव नव्हतं. तरी तालीला ते दिसलं.

"तोवर आपलं एअरपोर्ट चालू झालेलं असेल," एयाल म्हणाला. "पाहुणा थेट उतरेल. रिक्षासुद्धा लागणार नाही."

ताली हसली नाही. तिने फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं होतं, आणि मुलगा, नोम, व्हायच्या आधी ती ज्युनिअर कॉलेजात शिकवत होती. कॉलेजच्या सहलीत ती लोणारच्या काठावर उभी राहिली होती. एवढं मोठं विवर करणारा दगड त्या मानाने केवढासा होता, ते सर सांगत होते आणि ती मैत्रिणींबरोबर फोटो काढण्यात गुंग होती. आता मात्र ते तळ्याचं हिरवट पाणी तिला लख्ख आठवलं. बत्तीस साली नोम दहा वर्षांचा असेल. डिसेंबर म्हणजे शाळा चालू असेल.

काळजी हा तिचा स्वभावच झाला होता. नोमचं पाणी वेगळं उकळायचं, प्लगांना झाकणं लावायची, उलव्याच्या बाजूने एअरपोर्टच्या बांधकामाची धूळ येते म्हणून खिडक्या दिवसभर बंद ठेवायच्या. नोमला पहिल्यांदा घरी आणलं त्या दिवशीच तिने सगळ्यांना बजावलं होतं, फोटो काढा, पण फ्लॅश नको. कोवळे डोळे आहेत. घरात कोणी मोबाईल उचलला की सासूबाई, रूबीआई, तिच्याआधीच ओरडायच्या, "फ्लॅश बंद कर रे, नाहीतर मास्तरीणबाई वर्गाबाहेर उभं करतील."

आकडा मात्र वाढत चालला. दीड झाला, दोन झाले. खालच्या मजल्यावरची शाजिया नोमला खेळवायला यायची, तिला ताली समजावून सांगायची. दगड कुठून जाईल तो पट्टा आधी रुंद असतो. मोजणी होईल तसा तो आकसतो. पृथ्वी आत राहिली तर टक्का वाढतो, आणि पट्टा तिच्यावरून सरकला की एकदम शून्यावर येतो.

"मग हे मोजणारे करतात काय?" शाजियाने विचारलं.

"जुने फोटो काढून बसतात. दगड आज सापडला, पण तो आधीपासून होताच ना. आकाशाच्या जुन्या फोटोत कुठेतरी ठिपका आलेला असू शकतो. तेव्हा कोणी बघितला नाही, इतकंच. तो मिळाला की वाट पक्की कळते."

"तू पण ना," शाजिया म्हणाली. "अल्ला मालिक आहे. पोराला भूक लागलीय, ते बघ."

नोम शाजियाच्या मांडीवर बसून मान जराशी वळवून तालीकडे बघत होता. अलीकडे तो असाच बघायचा, मान वळवून, एखाद्या म्हाताऱ्या वकिलासारखा. रूबीआईंना त्याचं भारी कौतुक.

फेब्रुवारीत झाडांचा सण आला. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, त्या दिवशी एलियाहू हानाबी या प्रेषिताची आठवण करतात. रूबीआई तालीला घेऊन प्रार्थनेला गेल्या. आता पनवेलात माणसं उरलीत थोडी, अर्धी घरं इस्रायलला गेली. बाकांवर जागाच जागा. तालीने डोळे मिटले. फिजिक्स शिकलेल्या बाईने हे बोलू नये असं वाटत असतानाच ती मनात बोलून गेली: हा दगड टळू दे, घरी मलिदा करीन.

त्यानंतर आकडा तीनच्या वर गेला. तालीची झोप उडाली. आणि मग दोन-चार दिवसांत, ती शाजियाला म्हणाली होती तसाच, तो कोसळला. पट्टा पृथ्वीवरून सरकला. फार तर चंद्राला लागेल, तेही लागलं तर, असं मोजणारे म्हणू लागले.

मलिदा ठरला मार्चातल्या रविवारी. पोहे धुऊन, त्यात गूळ, खोबरं, वेलची, सुका मेवा कालवून रूबीआईंनी ताटात ढीग रचला. भोवती फळं लावली, वर गुलाब ठेवले. प्रार्थनेला झकेरियाकाका, एयालचे चुलते, आले. आवाज थकला असला तरी एलियाहूचं गाणं त्यांच्याशिवाय कोणाला सुरात येत नसे.

"नवस कसला ते तरी सांग," रूबीआई चौथ्यांदा म्हणाल्या. "नोमला भाऊ येतोय का?"

"नाही हो आई."

"मग व्हिसा? मला न सांगता निघालात की काय तिकडे?"

"आई, ती वेळ आली तर तुला पहिल्यांदा पार्सल करीन," एयाल म्हणाला, आणि काका गाता गाता हसले.

फळांवरचे आशीर्वाद झाले. नोम ताटाजवळ गेला आणि वाटेत डावीकडच्या स्टुलाला धडकला. उठला, रडला नाही. शाजियाने फोटो काढायला मोबाईल धरला. खिडक्या बंद, खोलीत भर दुपारी अंधुक. फ्लॅश आपोआप उडाला.

"सॉरी, सॉरी," शाजिया म्हणाली. "ऑटोवर होता गं." मग तिने स्क्रीन जवळ धरली. "ताली, हे बघ जरा."

फोटोत नोमच्या उजव्या बाहुलीत नेहमीचा लाल ठिपका होता. डाव्या बाहुलीत पांढरा. मांजरासारखा.

"प्रकाश पडलाय," एयाल म्हणाला.

"परत काढ," ताली म्हणाली. "फ्लॅश लावून."

पुन्हा तेच. मलिद्याचं ताट सगळ्यांत फिरलं. तालीच्या वाटीतले पोहे तसेच राहिले.

पनवेलच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी नोमचा उजवा डोळा तळहाताने झाकला. तो म्हणाला, "मम्मा, लाईट लाव."

खोलीत ट्यूब जळत होती.

त्यांनी मुंबईला पाठवलं. मधले दोन दिवस तालीने सगळ्या नातेवाइकांकडून फोटो मागवले. घरात शेकड्यांनी फोटो होते, पण त्यांतला एकही उपयोगाचा नव्हता, कारण एकातही फ्लॅश नव्हता. तिचा नियम सगळ्यांनी पाळला होता. नियम माहीत नव्हता तो फक्त इस्रायलहून सुट्टीवर आलेल्यांना. तिकडच्या अश्दोद शहरातल्या चुलत नणंदेने, अविटलने, दिवाळीत इथे काढलेले फोटो पाठवले, खाली हसरे चेहरे टाकून, कारण तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यांत डाव्या डोळ्यात पांढरी कोर होती, नखाएवढ्या चंद्रासारखी. उन्हाळ्यातल्या एका लग्नातल्या फोटोत दोन्ही ठिपके लाल. ताली ते फोटो तारखेने लावत गेली. आपण काय करतोय ते हातांना माहीत होतं.

"कशाला हे?" एयालने तिच्या हातातला मोबाईल काढून घेतला. "आता काय बदलणार आहे त्याने?"

"कधीपासून आहे ते विचारतील."

"मग सांगू की माहीत नाही."

"माहीत आहे," ताली म्हणाली. "दिवाळीत ठिपका होता. समोर होता."

मुंबईच्या डॉक्टरबाईंनी फोटो एकेक करून बघितले आणि शेवटचा बराच वेळ धरून ठेवला. मग सावकाश सांगितलं. डोळ्यात कॅन्सरची गाठ आहे. आकाराने फार मोठी नाही, पण जागा वाईट आहे, आणि ती डोळ्याबाहेर जायच्या आत डोळा काढावा लागेल. आधी जीव, मग डोळा.

"काढला तर पुढे धोका नाही ना?" एयालने विचारलं.

"बहुतेक नाही. शंभरातली पंच्याण्णव मुलं पूर्ण बरी होतात."

एयालने सोडलेला श्वास तालीला ऐकू आला. त्याला पंच्याण्णव ऐकू आले होते. ती उरलेल्या पाचांपाशी थांबली होती. तीन टक्क्यांनी तिची झोप उडाली होती. पाच तीनपेक्षा मोठे.

घरी रूबीआईंनी सगळं ऐकलं, भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि म्हणाल्या, "तो नवस कसला होता, आता तरी सांग."

तालीने सांगितलं. दगड, पट्टा, बत्तीस साल.

"आभाळातल्या दगडासाठी मागितलंस?"

"हो."

रूबीआई रागावतील असं तिला वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. "आता याच्यासाठी माग."

"काय मागू, आई? डोळा तर जाणारच आहे."

 रूबीआई उठल्या आणि नोमचा वरणभात कालवायला लागल्या.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी, नोम जमिनीवर गाड्या लावत बसला होता. डावीकडची गाडी त्याला सापडत नव्हती. ती त्याच्या गुडघ्याजवळच होती. ताली त्याच्यासमोर बसली. गाडी उचलून तिने त्याच्या उजवीकडे ठेवली. मग मोबाईल काढला आणि पहिल्यांदा स्वतःच्या हाताने फ्लॅश लावला.

"इकडे बघ, राजा."

नोमने मान वळवली आणि हसला. फोटोत एक डोळा लाल आला, एक पांढरा. तिने तो बाकीच्या फोटोंच्या शेवटी ठेवला, कारण यानंतर दोन्ही डोळ्यांचा फोटो निघणार नव्हता.