अमीन

माझ्या जुन्या विद्यार्थिनीचं, हुआरियाचं पत्र दोन वर्षं माझ्या शब्दकोशात दुमडून पडलं होतं. प्रश्न एकच होता : ‘उस्ताद, कपाटातली ती बाटली अल्फा होती की बीटा? मला मूत्राशयाचा कर्करोग झालाय, डॉक्टर विचारताहेत. एक अक्षर कळवा.’ खाली डॉक्टरांचा पत्ता होता. मी उत्तर दिलं नाही.

अल्जीरियात, ओरानमधल्या आमच्या प्रयोगशाळेत त्या बाटलीला सगळे अमीनच म्हणत. आम्लाच्या वाफांनी चिठ्ठीचं पहिलं, अल्फा की बीटा सांगणारं अक्षर खाल्लं होतं, मधलं ‘नॅफ्थिल’ पुसट झालं होतं, शेवटचं ‘अमीन’ तेवढं ठळक उरलं होतं. आमच्याकडे अमीन म्हणजे विश्वासू माणूस. हुआरियाच्या जोडीला काम करणारी खेरा तिला चिडवायची, एवढा विश्वासू दुसरा मिळणार नाही, निकाह करून टाक. मी अल्फा समजून चाललो होतो. दोघी ती पूड उघड्या हातांनी काढून आम्लात विरघळवत, त्यात बुडवलेल्या प्लॅटिनमच्या पत्र्यातून पुन्हा पुन्हा वीज सोडत. अल्फाचा पत्र्यावर गडद, चिवट पापुद्रा बसायला हवा. आमचा फिका पडे आणि सुटे. मी म्हणायचो, पत्रा नीट घासत नाही तुम्ही.

त्या कामावरचा माझा लेख छापून आला. त्यात अल्फा लिहिलं होतं. मग एका दुपारी, कोणी नसताना, शंका फेडायला मी चिमूटभर पूड बारीक नळीत भरून चहाच्या कढत पाण्यात धरली. अल्फा पन्नास अंशांवर वितळतं. ही पूड तशीच राहिली. बीटा मूत्राशयाचं काय करतं हे आमच्या धंद्यात कोणालाही ठाऊक असतं. मी बाटलीला कुलूप घातलं आणि मुलींना सांगितलं, अमीन संपला.

याला वीस वर्षं झाली. गेल्या आठवड्यात करंतिकाच्या, म्हणजे बेसनाच्या गरम वड्यांच्या गाडीपाशी खेरा भेटली. आता ती शाळेत शिकवते. हुआरिया रमजानच्या आधी गेली, म्हणाली. मग मान खाली घालून, चाचरत म्हणाली, “मलाही अधूनमधून लघवीतून रक्त जातं, उस्ताद. खडा आहे म्हणतात. औषध चालू आहे.”

तिथेच सांगायला हवं होतं. मला जमलं नाही. मी तिला दुसऱ्या दिवशी टपाल कचेरीत यायला सांगितलं, एवढंच.

रात्रभर खोडून खोडून हुआरियाच्या डॉक्टरांना चार ओळी लिहून झाल्या. बीटा. लेखातलं चूक आहे. मला माहीत होतं. खेराला तपासा.

तिने कागद उभ्यानेच वाचला.

“अमीन,” ती म्हणाली. मग विचारलं, “आम्ही तिथे असतानाच कळलं होतं तुम्हाला?”

“हो.”

“आणि आम्हाला सांगितलंत, अमीन संपला.”

तिने डॉक्टरांचा पत्ता तळहातावर उतरवून घेतला, कागद माझ्या हातात दिला आणि सलाम न करता निघाली. कागद पाकिटात घालून मी तिकीट चिकटवलं. पाकीट मी पेटीत टाकलं.